न विचारता लावलेली आठ सलाइन

अक्का,

तुमचं पुरणाचे मांडे भाजायचं खापर अजून माझ्याच मागच्या अंगणात पालथं पडलंय. देवपूरला तुमच्या घरी पोचवायचं राहिलं ते राहिलंच. तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले आणि अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, दहा दिवसांवर आली. काल प्रशांतचा फोन आला. "मामी, आईची पहिली घागर भरायची आहे. मामांना घेऊन या. आणि मांड्यांचं काय करायचं?" मांडे करणारी बाईच ज्या घरातून गेली, त्या घराच्या मुलानं हा प्रश्न विचारावा, याचा आधी मला रागच आला. पण त्याचं काही चुकलं नाही. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं भरलेल्या घागरीपुढे मांडा ठेवायचा असतो आणि तो कोणीतरी करायलाच हवा. मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मागे जाऊन खापर उचललं, धूळ झटकली, आणि तुमच्याशी भांडावंसं वाटलं. म्हणून हे लिहितेय. समोर असतात तर तुम्ही मला पहिल्या दोन वाक्यांतच गप्प केलं असतंत.

तुमच्या धाकट्या भावाची बायको होऊन मी पहूरहून आले, त्याला पस्तीस वर्षं झाली. पहिल्या आखाजीला तुम्ही मला मांड्याला बसवलंत. माझ्या हातातला गोळा मनगटापर्यंत आला आणि फाटला. मी तो लपवायला गेले, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "फाटना तं फाटना, टाक खापरवर. पोटमा जाईसन कोन देखस?" त्या दिवशी सासरच्या माणसांत मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. मी फार्मसी शिकले होते, त्याचा उपयोग व्हावा म्हणून पुढे जळगावात मेडिकल काढायला तुम्हीच तुमच्या भावाच्या मागे लागलात. देवपुरात लग्नाकार्याच्या मांड्यांच्या ऑर्डरी घेऊन तुम्ही प्रशांतला एकटीनं वाढवलंत, त्यामुळे बाईच्या हाताला काम असावं, हे तुम्हाला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

तुम्ही मांडा करताना मी कितीदा पाहिलं असेल. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरायला लागला की तो वाढत वाढत कोपरापर्यंत यायचा, आणि तुम्ही त्याच्याकडे बघायचातसुद्धा नाही. कोणाच्या तरी सुनेची चौकशी करत असायचात. मी विचारलं होतं, न बघता कसं कळतं? तर म्हणालात, कुठं पातळ झाला ते बोटाला कळतं, डोळ्याला नाही. डोळ्याला कळेपर्यंत फाटलेला असतो.

हे वाक्य मी ऐकलेलं होतं, अक्का. हे मला माहीत होतं. तरीही मी तसं केलं.

छातीतली गाठ काढून चार वर्षं झाली होती. ती परत आली आणि या वेळी हाडांत आली, हे तुमच्यापासून कोणी लपवलं नाही. लपवता येण्यासारख्या तुम्ही नव्हतातच. पण आपल्याकडची रीत अशी की रिपोर्ट आले की पेशंटनं बाहेर बाकावर बसायचं, हातात शहाळं धरायचं, आणि घरच्यांनी आत जायचं. आपल्याला ती रीत इतकी अंगवळणी पडलेली की मी तुम्हाला म्हणाले, "अक्का, तुम्ही बसा, आम्ही बोलून येतो," आणि तुम्ही बसलात.

आत डॉक्टर मॅडमनी दोन औषधं सांगितली. एक किमोचं सलाइन, दर आठवड्याला एक. त्यानं गाठी लवकर आवळतील असा त्यांचा अंदाज होता, पण केस जातील, आणि बोटांना मुंग्या येऊन ती बधिर होतील. दुसरी गोळी. सकाळ-संध्याकाळ जेवणावर घरीच घ्यायची, दोन आठवडे घेऊन एक आठवडा बंद. तिचं काम सावकाश, केस राहतील, पण तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, तोंड येतं, पोट बिघडतं. मॅडमनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, "त्यांच्याशी बोला, त्यांना काय हवं ते विचारा आणि मग मला सांगा." तुमचा भाऊ माझ्याकडे बघायला लागला, कारण औषधातलं घरात मलाच कळतं. आणि मी खुर्चीवरून न उठता म्हणाले, "मॅडम, मी फार्मासिस्ट आहे. सलाइनच लावा."

मी काउंटरवर उभी राहून आयुष्यभर ज्या माणसांना हसले, त्यांच्यातलीच मी एक निघाले. खेड्यावरून लोक येतात, म्हणतात, गोयीबियी नको, सुई मारायला लावा, सलाइन लावलं म्हणजे ताकद येते. मी त्यांना रागावते. बाई, गोळीतही औषधच असतं, असं पंचवीस वर्षं सांगत आले. आणि माझ्या घरची वेळ आली तेव्हा मला वाटलं, सुईतून थेट रक्तात जातं तेच खरं. गोळीवर सोपवणं म्हणजे तुम्हाला अर्ध्यावर सोडून दिल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, "मॅडम म्हणाल्या, आठवड्याला एक सलाइन." हे खोटं नव्हतं. फक्त पुरतं खरं नव्हतं.

तुम्ही देवपूरचं घर बंद करून आमच्याकडे आलात. मंगळवारी सलाइन, बुधवार-गुरुवार उलट्या, शुक्रवारी जरा भाकरी. केस गेले तेव्हा आरशात बघून तुम्ही म्हणालात, "चाला, आते मांडामा केस सापडावं नही." मी हसता हसता बाथरूममध्ये जाऊन रडले. तुम्हाला ते कळलं होतं. दुपारी तुम्ही मला मुद्दाम लिंबाचं लोणचं मागितलंत, जेवण जात नसतानाही, म्हणजे मला काहीतरी करायला मिळावं.

आठ सलाइन झाली आणि आखाजी आली. मी म्हणाले, या वर्षी विकतचे मांडे आणू. तुम्ही ऐकणाऱ्या थोड्याच. अंगणात चूल पेटली, खापर तापलं, कणीक तर तुम्ही पहाटेच तिंबून ठेवली होती. पहिला मांडा मनगटावरच फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्या वेळी तुम्ही बोलणं बंद केलंत आणि डोळे गोळ्यावर लावलेत. तो कसाबसा खापरावर गेला, आणि तुमची बोटं खापराला टेकली ती टेकलेलीच राहिली. तुम्ही हात काढलाच नाही. मी ओढून काढला. दोन बोटांना लगेच फोड आले. तुम्ही त्या फोडांकडे दुसऱ्या कोणाच्या हाताकडे बघावं तसं बघत होतात.

"शैला," तुम्ही म्हणालात, "माले पीठ समजी नही रायनं."

मी बर्फ आणला, मलम लावलं, आणि त्या गडबडीत माझ्या तोंडून निघून गेलं, की गोळी घेतली असती तर हे झालं नसतं.

तुम्ही मान वर केलीत. "कोनती गोयी?"

मग मला सगळं सांगावं लागलं. दोन औषधं, मॅडमचा प्रश्न, माझं उत्तर.

"म्हंजे इचारेल व्हतं," तुम्ही अगदी सावकाश म्हणालात. "कोनाले इचारेल व्हतं?"

"आम्हाला."

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही कणकेवर ओलं फडकं टाकलंत, चुलीतली लाकडं मागे ओढलीत, आणि म्हणालात, "आमरस शे, साध्या पोया करी ले." त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पस्तीस वर्षांत तेवढेच दोन दिवस. तुमचा भाऊ मध्ये पडायला आला, "अक्का, तिनं तुझ्या भल्यासाठीच केलं." तुम्ही त्याला पाणी आणायला पाठवलंत.

तिसऱ्या दिवशी आपण दवाखान्यात गेलो. केबिनच्या दाराशी मी तुमच्या मागे आत यायला लागले, तर तुम्ही वळलात. "तू बाहेर बस." मी त्याच बाकावर बसले. तुमच्या भावानं नेहमीच्या सवयीनं आणलेलं शहाळं माझ्या हातात आलं. दार अर्धवट उघडं होतं आणि मी कान देऊन बसले होते, खोटं कशाला सांगू.

तुम्ही मॅडमना एकेक विचारत होतात, बाजारात भाजी घ्यावी तशा शांतपणे. गोळीनं तळहात सोलला तर किती? गोळी थांबवली की कातडी परत येते का? मॅडम म्हणाल्या, बहुतेकदा येते. आणि सलाइननं गेलेली बोटं? ती हळूहळू सुधारतील, पण पूर्ण पहिल्यासारखी होतील असा शब्द देत नाही. आणि गोळी घेतली तर दिवस कमी होतील का? मॅडम म्हणाल्या, "खरं सांगते, मला माहीत नाही. सलाइननं गाठी लवकर आवळतात, एवढं सांगू शकते. किती दिवस, ते दोन्हींत सांगता येत नाही. तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?"

हा प्रश्न तुम्हाला त्या दुखण्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं.

"देखा मॅडम," तुम्ही म्हणालात, "हप्ताना एक दिन सुईले जास, दोन दिन उलट्यासले. माले चार उरतस. ते बी भाऊना घर. भाऊनं घर चांगलं शे, पन ते भाऊनं शे. आनि हात… दुखं तं दुखू द्या. मी बोंब मारनार नही. पन माले समजाले पाहिजे."

त्यातलं "भाऊनं घर" मला लागलं, अक्का. मी तुमच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. खिडकीला नवा पडदा लावला होता. पण लागलं तरी खरं होतं. देवपूरला तुमच्या ओट्यावरून कोण शाळेत गेलं, कोण कॉलेजला उशिरा निघालं हे तुम्हाला दिसायचं, आणि माझ्या नव्या पडद्यातून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसायची. माणसाला औषध निवडताना हेही हवं असतं, हे कुठल्या गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

तुम्ही गोळी घेतलीत आणि देवपूरला परत गेलात. मग मला रोज दोन फोन सुरू झाले. "व औषधवाली, मी जेवनू, गोयी लिधी." तळहात लाल झाले की मोबाइलवर फोटो. सोलले की फोटो. एकदा फोटोखाली तुम्ही प्रशांतकडून लिहवून घेतलं होतं, "शैलाला सांग, आता हातावर रेषा नाहीत, ज्योतिषाकडे जायचा खर्च वाचला." रात्री मलम चोपडून सुती मोजे घालून झोपायचात, हातात आणि पायात. शेजारणींनी काही विचारलं तर सांगायचात, भावजयीनं थंडी वाजू नये म्हणून पाठवलेत. त्या बायका मला अजून भेटतात आणि माझं कौतुक करतात.

पुढच्या आखाजीच्या दोन महिने आधी तुम्ही मॅडमना फोन लावलात आणि गोळी बंद असायचा आठवडा आखाजीत बसेल असं वेळापत्रक लावून मागितलंत. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "लोक लग्नासाठी तारखा मागतात, परीक्षेसाठी मागतात. पुरणपोळीसाठी मागणारं पहिलंच माणूस." मी म्हणाले, "मॅडम, पुरणपोळी नाही, मांडा." तुमच्या वतीनं भांडायची मला तोपर्यंत सवय लागली होती.

त्या आखाजीला तुम्ही जळगावला आलात, कारण खापर माझ्याकडेच राहिलं होतं. तळव्यांची कातडी नवी, गुलाबी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढी पातळ. पहिला गोळा हातावर घेतलात आणि तुमच्या तोंडून "स्स" निघालं. मी धावले. तुम्ही हातानंच अडवलंत. मांडा फिरत होता, वाढत होता, तुम्ही दर फेऱ्याला "स्स" करत होतात आणि हसत होतात. कोपरापर्यंत आला, कुठे फाटला नाही, खापरावर गेला तो चादर अंथरावी तसा. बोट टेकलं, तर झटकन मागे आलं.

"देख," तुम्ही मला बोट दाखवलंत, "समजस."

नऊ मांडे केलेत त्या दिवशी. दहाव्याला थकलात. मी आयुष्यात इतकं चांगलं काही पाहिलेलं नाही, अक्का. तुमचा भाऊ आमरसाची वाटी तशीच धरून उभा होता, तो जेवायलाच विसरला.

आणि तरी मी तुमच्याशी भांडत राहिले. फोनवर, दर दोन-तीन महिन्यांनी. पुढची तपासणी जरा वाईट आली की मी म्हणायचे, सलाइन सुरू ठेवलं असतं तर? तुम्ही म्हणायचात, "आनि लावंच नसतं तर?" ते भांडण मिटलं नाही. आजही माझ्यातला अर्धा जीव म्हणतो की ती बाई अजून सहा महिने राहिली असती, आणि उरलेला अर्धा विचारतो, कोणत्या हातांनी?

या हिवाळ्यात गोळीचं काम थांबलं. दवाखान्यात मी आपणहून बाकावर बसले. तुम्ही दारातून वळून बघितलंत आणि म्हणालात, "चाल, तू बी."

मॅडमनी सांगितलं, अजून एक औषध आहे. लागू पडेल की नाही सांगता येत नाही, अशक्तपणा मात्र फार येईल. नाहीतर दुखणं आटोक्यात ठेवायचं आणि घरी राहायचं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग मॅडमकडे पाठ करून खुर्ची माझ्याकडे वळवलीत.

"तू काय म्हनस?"

मी म्हणाले, "अक्का, तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते."

"मी मनं सांगसूच. पन तुले इचारस."

आणि मी गप्प बसले. शिकलेली, दुकान चालवणारी, गिऱ्हाइकाला एकाला दहा शब्द ऐकवणारी मी, खाली फरशीकडे बघत बसले. मला वाटलं, मी शहाण्यासारखं वागतेय, या वेळी मध्ये पडत नाहीये. तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत. मग माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलंत आणि मॅडमना म्हणालात, "घर जासू. दुखनं कमी करा, पन माले झोपाडीसन नका ठेवा."

शेवटचे दोन महिने तुम्ही दुखणं थोडं अंगावर काढलंत आणि जाग्या राहिलात. दुखणं कमी करायच्या गोळीचा डोस वाढवू का विचारलं की आधी कोण भेटायला येणार आहे ते विचारायचात. आवडतं माणूस असेल तर डोस नंतर. ज्यांच्याशी बोलायचं नव्हतं, त्यांच्यासाठी मात्र गोळी घेऊन डोळे मिटायचात, हे मी आता उघड करायला हरकत नाही. गेलात ती दुपारही तुमच्याच घरात, ओट्याकडचं दार उघडं ठेवून.

परवा दुकान उघडलं. तुमच्याच गोळीची चिठ्ठी घेऊन एक माणूस आला. म्हणाला, "ताई, आईला सांगू नका कसली गोळी आहे. तिला काय कळतंय." आई बाहेर मोटरसायकलजवळ उभी होती, पदर डोक्यावर. तुम्ही आलात की बसायचात ते स्टूल मी काउंटरच्या पुढे ठेवलं आणि त्याला म्हणाले, "गोळ्या मी देते. आधी आईंना आत बसू द्या, आणि तुम्ही दोघं मिळून डॉक्टरांशी एकदा फोनवर बोला." तो जरा चिडला. पण आई येऊन बसली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अक्कल आली, पण केवढ्याला.

पण खरं सांगायचं होतं ते हे नाही. तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मध्ये पडू नये म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं आणि त्यात कुठल्याच औषधाचं नाव नव्हतं. मला म्हणायचं होतं, अक्का, जाऊ नका. हात चालोत न चालोत, केस असोत नसोत, खाटेवर पडून राहा, पण माझ्यासाठी राहा. पहिल्या दिवशी त्या केबिनमध्ये "सलाइनच लावा" म्हणाले, तेव्हाही मी फार्मासिस्ट म्हणून बोलत नव्हते. तेव्हाही हेच म्हणत होते. तुम्हाला काय हवं ते विचारलं नाही, कारण मला काय हवं ते मला पक्कं ठाऊक होतं.

हे तेव्हा बोलले असते, तर तुम्ही तरीही घरीच गेला असतात. पण तुम्हाला कळलं असतं, आणि तुम्हाला तेवढंच तर हवं असायचं.

प्रशांतला आज फोन केला. मांडे मी करतेय. खापर घेऊन आदल्या दिवशी देवपूरला येते. तुमच्या घागरीपुढे ठेवायचा तो मनगटावरच फाटेल, मला माहीत आहे. फाटला तरी टाकीन खापरावर.